वायरकटचा जुना पीसी आणि मायनस पाच व्होल्ट : एक प्रकरण

हे प्रकरण कोल्हापुरातल्या एका छोट्या टूलरूमचं आहे. मालकांनी लिहायला हो म्हटलं पण नाव नको म्हणाले, म्हणून त्यांना इथं नुसतं अण्णा म्हणतो. मी कॉम्प्युटर रिपेअरिंगचं काम करतो, त्यांच्या ऑफिसातला बिलिंगचा पीसी आणि प्रिंटर बघायला वर्षातनं दोन-चारदा जाणं व्हायचं, पण आत मशीनशेजारी जो पीसी होता त्याला मी कधी हात लावला नव्हता आणि अण्णांनीही लावू दिला नव्हता. "चाललंय न्हवं, मग उघडतोस कशाला?" हे त्यांचं ठरलेलं उत्तर. जुलै २०२३ मध्ये तो पीसी बंद पडला आणि पुढचे १३ दिवस आम्ही काय काय केलं, कुठं चुकलो, कुठं वाचलो ते सगळं लिहून ठेवतोय, कारण असे पीसी अजून कितीतरी वर्कशॉपमध्ये धूळ खात पण रोज चालतायत.

## पार्श्वभूमी

मशीन म्हणजे वायरकट. मॉलिब्डेनमची ०.१८ मिलिमीटरची तार ड्रमवरून पुढं-मागं पळते आणि स्पार्कनं लोखंड कापत जाते. अण्णांनी हे २००४ ला भोसरीच्या एका कारखान्याकडून सेकंडहँड घेतलं. त्यावर प्रेसटूलचे पंच आणि डाय, म्हणजे पत्रा कापायचे-दाबायचे साचे, निघतात, आणि अण्णांचं निम्मं काम हुपरीच्या चांदीवाल्यांचं, पैंजणांच्या डिझाइनचे बारीक डाय. असं काम अडलं की तो माणूस थांबत नाही, दुसरीकडं जातो.

मशीनचा कंट्रोल एका पीसीत. पेंटियम थ्री ६०० मेगाहर्ट्झ, ४४० बीएक्स चिपसेटचा मदरबोर्ड, १२८ एमबी रॅम, त्यावर डॉस, म्हणजे विंडोजच्या आधीची कमांड टाइप करून चालवायची सिस्टीम, आणि डॉसमध्ये चालणारं कटिंगचं सॉफ्टवेअर. आणि खरी गोम म्हणजे आत बसलेलं कंट्रोल कार्ड, जे आयएसए स्लॉटचं आहे. आयएसए म्हणजे १९८१ च्या पहिल्या आयबीएम पीसीपासून आलेला तो लांब काळा स्लॉट, १९८४ ला १६ बिटचा झाला. १९९९ मध्ये इंटेलनं ८१० चिपसेटपासून त्याचा सपोर्ट काढला आणि पुढच्या तीन-चार वर्षांत दुकानातल्या नव्या बोर्डांवरनं तो गेलाच. म्हणजे मशीन कापायला अजून वीस वर्षं तयार आहे, पण त्याचा मेंदू ज्या खाचेत बसतो ती खाच बाजारात मिळत नाही.

## काय बंद पडलं

सोमवारी सकाळी लाईट गेली, दहा मिनिटांनी आली, पीसी चालू होईना. पंखा थोडा हलायचा आणि थांबायचा, स्क्रीन काळी. मी गेलो, कव्हर काढलं. प्रोसेसरजवळचे ९ पैकी ६ कॅपॅसिटर वरून फुगलेले, दोघांच्या डोक्यावर तपकिरी रस सुकलेला. एसएमपीएसला, म्हणजे पीसीच्या पॉवर सप्लायला, जळका वास. २००० च्या आसपासच्या बोर्डांना हा रोगच होता, खराब इलेक्ट्रोलाइटचे कॅपॅसिटर जगभर बोर्डांवर बसले होते आणि काही वर्षांनी फुगत गेले, त्या मानानं ह्यानं बरीच साथ दिली.

इथं मी एक गोष्ट बरोबर केली आणि एक चूक, दोन्ही पहिल्या तासातच.

बरोबर केलं ते हे की काहीही करायच्या आधी हार्डडिस्क काढली, यूएसबी ॲडॉप्टरनं लॅपटॉपला लावली आणि लिनक्समधनं तिची सेक्टर-टू-सेक्टर इमेज, म्हणजे हुबेहूब प्रत, घेतली. चार सेक्टर वाचले गेले नाहीत, पण सॉफ्टवेअर आणि १९ वर्षांचे सगळे प्रोग्राम निघाले. सॉफ्टवेअरची मूळ फ्लॉपी कधीच बुरशी लागून गेली होती, म्हणजे ती डिस्क गेली असती तर पुढं लिहिण्यासारखं काही उरलंच नसतं.

चूक ही की जळका एसएमपीएस कोपऱ्यातल्या भंगाराच्या डब्यात टाकला. एसएमपीएस काय, कुठंही मिळतो, असं वाटलं. त्याच्या अंगावरचं लेबल मी वाचलं नाही. हे पुढं किती महागात पडलं ते सांगतो.

## समोर असलेले पर्याय

दुपारी चहा घेत अण्णा, त्यांचा मुलगा आणि मी बसलो. मुलाचं म्हणणं सरळ होतं, कंट्रोलर बदलून टाकू. त्यानं फोनवर कोटेशन घेतलं, १,३५,००० रुपये, नवीन कार्ड, नवीन पीसी, विंडोजवर चालणारं सॉफ्टवेअर आणि तीन आठवडे. वाईट पर्याय नव्हता हा. जुने प्रोग्राम ३बी फॉरमॅटचे, म्हणजे साध्या टेक्स्ट फाइल, त्यामुळं तेही नव्यावर चालले असते. पण तीन आठवडे मशीन बंद, वर ऑपरेटर मामांना सगळं नव्यानं शिकायचं, आणि अण्णांच्या हातात तेव्हा एवढी रक्कम मोकळी नव्हती.

दुसरा, नवीन इंडस्ट्रियल मदरबोर्ड. आयएसए स्लॉट असलेले बोर्ड कारखान्यांसाठी अजून बनतात हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. भाव ३० हजारांच्या पुढं, यायला चार आठवडे. आणि मला भीती होती ती स्पीडची, कारण डॉसचे कितीतरी प्रोग्राम प्रोसेसरच्या वेगावर टायमिंग धरून लिहिलेले असतात. टर्बो पास्कलमध्ये केलेले जुने प्रोग्राम तर साधारण २०० मेगाहर्ट्झच्या वरच्या मशीनवर चालू होतानाच रनटाइम एरर २०० देऊन बंद पडायचे. हे सॉफ्टवेअर ६०० वर चालत होतं, पण त्याच्या चार-पाच पट वेगावर स्टेपर मोटरला पल्स बरोबर जातील का ह्याची खात्री कोण देणार? विकणारा तर देत नव्हता.

यूएसबीला लावायचा आयएसए ॲडॉप्टरही मिळतो, मुलानं मोबाइलवर शोधून दाखवला. तो आम्ही पाच मिनिटांत सोडला. डॉसचं सॉफ्टवेअर थेट कार्डाच्या पोर्ट ॲड्रेसला आणि इंटरप्टला (कार्ड प्रोसेसरला हाक मारतं ती लाईन) बोलतं, त्याला मधला यूएसबी दिसतच नाही.

मग राहिले दोन स्वस्त रस्ते, आहे तो बोर्ड दुरुस्त करणं किंवा तसलाच जुना बोर्ड शोधणं. ठरलं असं की आधी दुरुस्ती, नाही जमलं तर शोध, आणि दोन आठवड्यांत काहीच झालं नाही तर मुलाचं कोटेशन मान्य. ही मुदत अण्णांनीच घातली आणि ती घातली हे फार चांगलं झालं, नाहीतर अशा कामात "आज होईल, उद्या होईल" करत महिना जातो.

## पहिला प्रयत्न, आणि बोर्ड गेला

मंगळवारी मी कॅपॅसिटर बदलायला घेतले. १५०० मायक्रोफॅरड, ६.३ व्होल्ट, लो ईएसआर, १०५ डिग्रीचे, नशिबानं इथंच मिळाले. पण माझ्याकडं २५ वॉटची सोल्डरिंग आयर्न. मदरबोर्ड चार लेयरचा असतो, ग्राउंडच्या पायाशी आतला सगळा तांब्याचा पत्रा उष्णता ओढून घेतो, शिसं वितळतच नाही. तीन कॅपॅसिटर निघाले, चौथ्याला मी जरा ओढलं आणि पायाबरोबर भोकाच्या आतलं तांब्याचं अस्तरच बाहेर आलं. वरून तार टाकून बघितली, बोर्ड जागा झाला नाही.

६० वॉटचं टेंपरेचर कंट्रोलचं स्टेशन गावात एका मोबाइलवाल्याकडं होतं, ते मला माहीतही होतं. संध्याकाळी दुकान रिकामं झाल्यावर ये म्हणाला होता तो. मी चार तास थांबलो नाही. ह्या सगळ्या प्रकरणात मला स्वतःला सगळ्यात जास्त लागलेली गोष्ट हीच आहे, कारण तो बोर्ड वाचण्यासारखा होता.

## शोध

राजारामपुरीतली ओळखीची सगळी दुकानं फिरलो. एका भंगारवाल्यानं सांगितलं, मागच्याच महिन्यात पोतंभर जुने बोर्ड किलोवर गेले. हे नीट समजून घेतलं पाहिजे. जुन्या बोर्डाच्या आणि कार्डाच्या कडेच्या पट्ट्यांवर, सिरॅमिकच्या जुन्या प्रोसेसरच्या पिनांवर सोन्याचा मुलामा असतो, त्यामुळं भंगारात त्यांना चालू-बंद न बघता वजनावर भाव मिळतो. ज्याला वापरायला पाहिजे तो गिऱ्हाईक वर्षातनं एखादा येतो आणि किलोनं नेणारा दर महिन्याला दारात असतो, मग भंगारवाला कुणासाठी ठेवणार? जो बोर्ड तुम्ही आज शोधताय तो बहुतेक चालू अवस्थेतच तोडला गेलेला असतो.

रविवारी पुण्याचा जुना बाजार गाठला, तो बुधवारी आणि रविवारी भरतो. ताडपत्रीवर स्क्रू, नळ, रेडिओ, त्यात मधेच मदरबोर्ड. दोन बोर्ड मिळाले आयएसएवाले, २५० रुपयांना एक. टेस्ट करायची सोय नाही, गॅरंटी नाही, उन्हापावसात पडलेले. घरी आणून लावले, एक मेलेलाच, दुसरा चालू झाला पण मेमरी टेस्टला दर वेळी वेगळी एरर. ५०० रुपये गेले असं मी म्हणणार नाही, कारण दुसऱ्या बोर्डाची बायॉस चिप (पीसी सुरू होतानाचा प्रोग्राम असलेली) आणि बॅटरीचा होल्डर पुढं उपयोगी पडला, पण मशीन चालू करायच्या दृष्टीनं दिवस वाया.

सोमवारी रात्रीच्या ट्रॅव्हल्सनं मुंबई. लॅमिंग्टन रोडला, म्हणजे कागदोपत्री डॉ. भडकमकर मार्गाला, खालची दुकानं सगळी नव्या मालाची, जुना माल वरच्या मजल्यांवर आणि मागच्या गोडाऊनमध्ये. जायच्या आधी फोन केला होता तेव्हा एकानं १,५०० सांगितले. तिथं पोचल्यावर त्यानं विचारलं, "मशीनला लावायचाय ना?" मी हो म्हटलं आणि भाव ४,५०० झाला.

तेव्हा राग आला. आता तेवढा येत नाही. त्या माणसानं तो बोर्ड पंधरा-वीस वर्षं मुंबईतल्या जागेत सांभाळला, किलोवर दिला नाही, आणि टेस्ट करून द्यायला तयार होता. भाव तो बोर्डाचा सांगत नव्हता, सांभाळल्याचा सांगत होता. ३,८०० ला तुटलं.

इथं एक निर्णय होता ज्यावर अण्णांचं आणि माझं आदल्या रात्री बराच वेळ चाललं होतं, की मशीनचं कंट्रोल कार्ड सोबत न्यायचं का. नेलं असतं तर दुकानातच लावून बघता आलं असतं. पण ते कार्ड एकच, बसमध्ये हरवलं किंवा कुणी उलटं घुसवलं तर मशीन कायमचं थांबलं. नाही नेलं. त्याऐवजी कार्डाचे दोन्ही बाजूंनी फोटो आणि टेपनं लांबी मोजून नेली, कारण लांब कार्ड प्रोसेसरच्या हीटसिंकला नाहीतर रॅमच्या क्लिपला अडतं आणि बोर्ड चांगला असूनही उपयोगाचा राहत नाही. दुकानदाराकडं एक जुनं आयएसए डिस्प्ले कार्ड होतं, ते मी तिन्ही स्लॉटमध्ये आळीपाळीनं लावायला सांगितलं. तिन्हीवर स्क्रीन आली. कॅपॅसिटर सपाट, स्लॉटच्या पिना हिरव्या पडलेल्या नाहीत, फ्लॉपीवरनं डॉस चालू. ह्याच्या पलीकडं तिथं बघण्यासारखं काही नव्हतं असं मला तेव्हा वाटलं.

## जोडणी

बुधवारी नवीन एसएमपीएस घालून सगळं जोडलं. जुन्या हार्डडिस्कवर आता विश्वास नव्हता म्हणून कॉम्पॅक्ट फ्लॅश कार्ड आणि ४० पिनचा आयडीई ॲडॉप्टर लावला. सीएफ कार्ड मुळात आयडीईचीच भाषा बोलतं त्यामुळं ड्रायव्हरची भानगड नाही, डॉसला ती साधी डिस्कच दिसते. इमेज जशीच्या तशी टाकली तर बूट झाली नाही, मग २ जीबीच्या आतलं पार्टिशन करून सिस्टीम फॉरमॅट मारला आणि फाइल कॉपी केल्या, चाललं.

कंट्रोल कार्ड आधी दिसेना. कार्डावरचा जंपर (सेटिंगसाठी पिनांवर बसवायची छोटी टोपी) बघितला तर कार्ड इंटरप्ट ५ वर, आणि नव्या बोर्डावरचं साउंडही ५ वरच. बायॉसमध्ये साउंड बंद केलं, इंटरप्ट ५ लेगसी आयएसएला राखून ठेवला, सॉफ्टवेअरला कार्ड दिसलं. एक्स, वाय दोन्ही ॲक्सिस हातानं हलले, सिम्युलेशन पूर्ण झालं. मामांनी मशीनला हळद-कुंकू लावलं.

गुरुवारी पहिला कट लावला आणि तार तुटली. परत बांधली, परत तुटली, तिसऱ्यांदा पण.

## मायनस पाच

पुढचे दोन दिवस आम्ही चुकीच्या गोष्टीवर शंका घेतली. तारेचं नवीन रीळ आणलं, कूलंट बदललं, तारेचा ताण कमी-जास्त केला, गाइड पुली बघितल्या. मी तर मुंबईच्या बोर्डवाल्याला फोन करून बोललोसुद्धा, जे मी बोलायला नको होतं, त्याचा काही दोष नव्हता.

मामांनी एक वाक्य बोललं त्यावरनं गाडी रुळावर आली. म्हणाले, "ह्याला कळंना झालंय तार कुठं टेकली ते." वायरकटमध्ये तार आणि जॉबमधलं अंतर व्होल्टेजवरनं ओळखतात, ते व्होल्टेज बघून कार्ड ठरवतं की पुढं जायचं, थांबायचं की मागं यायचं. सिम्युलेशनमध्ये आणि हातानं ॲक्सिस हलवताना ह्या सर्किटची गरजच नसते, म्हणून सगळं चांगलं दिसत होतं. हे सर्किट ॲनालॉग, त्यात ऑपॲम्प (बारीक व्होल्टेज वाढवणारी चिप), आणि त्याला प्लसबरोबर मायनस सप्लाय पण लागतो.

मग मीटर घेऊन आयएसए स्लॉटवर बसलो. मागच्या पट्टीकडून मोजत बी साइडची ७ नंबर पिन, मायनस १२ पाहिजे, मायनस ११.८ आले. ५ नंबर पिन, मायनस ५ पाहिजे. शून्य.

नव्या एसएमपीएसचा २४ पिनचा कनेक्टर बघितला, २० नंबरच्या खाचेत वायरच नाही. जुन्या २० पिनच्या कनेक्टरमध्ये १८ नंबरला पांढरी वायर असायची, ती मायनस ५ ची. आयएसए गेल्यावर ती कुणाला लागेनाशी झाली म्हणून एटीएक्सच्या स्पेसिफिकेशनमधनं ती काढून टाकली, आणि आज दुकानात मिळणाऱ्या एसएमपीएसमध्ये ती नसते. भंगाराच्या डब्यातनं जुना एसएमपीएस शोधून काढला. लेबलवर स्वच्छ छापलेलं, मायनस ५ व्होल्ट, ०.५ ॲम्पियर. पहिल्या दिवशी तासाभरात वाचता आलं असतं ते. मुंबईत तिन्ही स्लॉटला जे डिस्प्ले कार्ड लावून बघितलं त्याला मायनस ५ लागतच नव्हते, म्हणून तिथली टेस्टही खरी होती पण अपुरी होती.

उपाय स्वस्त निघाला. ७९०५ रेग्युलेटर, मायनस १२ मधनं मायनस ५ करून देतो, दोन छोटे कॅपॅसिटर धरून ६० रुपयांत काम. कुणी करणार असेल तर दोन गोष्टी नीट बघा. ७९०५ चे पाय ७८०५ सारखे नसतात, पहिला ग्राउंड, मधला इनपुट, तिसरा आउटपुट. आणि त्याच्या पाठीचा पत्रा इनपुटला जोडलेला असतो, म्हणजे त्यावर मायनस १२ असतात, तो कॅबिनेटला तसाच स्क्रूनं आवळला तर शॉर्ट, मधे मायका वॉशर पाहिजेच. कार्ड न लावता आधी पिन मोजली, मायनस ४.९७. मग कार्ड लावलं.

शनिवारी दुपारी साडेतीनला कट लागला आणि तार तुटली नाही. मामा दोन तास मशीनजवळनं हलले नाहीत.

## निकाल

१३ दिवस मशीन बंद. खर्च असा, कॅपॅसिटर १८०, जुन्या बाजारातले बोर्ड ५००, मुंबईचा बोर्ड ३,८००, सीएफ कार्ड आणि ॲडॉप्टर १,१५०, एसएमपीएस ९५०, रेग्युलेटर ६०, पुणे-मुंबई प्रवास ३,४००, सगळे मिळून १०,०४० रुपये, माझी मजुरी ४,००० वेगळी. हुपरीचे दोन गिऱ्हाईक ह्या काळात दुसरीकडं गेले, एक परत आला, एक नाही आला. तो धरला तर स्वस्तात सुटलो असं छातीठोक सांगता येत नाही, पण तीन आठवडे आणि एक लाख पस्तीस हजारांपेक्षा बरं झालं हे मुलानंही मान्य केलं.

## काय वेगळं करता आलं असतं

सगळ्यात आधी, पीसी चालू असताना उघडायला पाहिजे होता. अर्धा दिवस मशीन बंद ठेवून फोटो, जंपर, बायॉसचं प्रत्येक पान, एसएमपीएसचं लेबल आणि डिस्कची इमेज एवढं घेतलं असतं तर निम्मे दिवस वाचले असते. अण्णांची "उघडतोस कशाला" ही भीती मला समजते, १९ वर्षं चाललेल्या गोष्टीला हात लावायला धाडस लागतं, पण मी पण कधी नीट समजावून सांगितलं नाही.

पुण्याला जायच्या आधी मुंबई करायला पाहिजे होती. घाईच्या वेळी टेस्ट न केलेला २५० चा बोर्ड महाग आणि टेस्ट करून दिलेला ३,८०० चा स्वस्त. जुना बाजार निवांत असताना फिरायची जागा आहे, मशीन बंद असताना नाही. कंट्रोल कार्ड मुंबईला न नेण्याचा निर्णय मात्र मी आजही तसाच घेईन.

दिवाळीनंतर, म्हणजे कसलीही घाई नसताना, त्याच मुंबईवाल्याकडून फोनवर अजून दोन बोर्ड मागवले, आधी त्याची माफी मागितली. २,००० ला एक पडला. एकाचा पूर्ण स्पेअर पीसी करून ठेवलाय, त्यातही ७९०५ बसवलाय, महिन्याच्या पहिल्या रविवारी मामा तो तासभर चालवतात. दुसरा सिलिका जेल घालून डब्यात, कारण आपल्याकडचा पावसाळा. मशीनच्या दारामागं वही टांगलीय, त्यात सगळे जंपर आणि बायॉसची पानं चिकटवलीत.

कंट्रोल कार्डाला अजून जोडीदार नाही. त्यावरची ईपीरॉम, म्हणजे कार्डाचा प्रोग्राम साठवलेली चिप, काढून प्रोग्रामर यंत्रावर वाचली, तिच्या काचेवर नवीन स्टिकर लावला आणि फाइल तीन ठिकाणी ठेवली, पण शेजारच्या दोन गॅल (प्रोग्राम करता येणाऱ्या लॉजिक) चिपांना सिक्युरिटी बिट, म्हणजे वाचू न देणारं कुलूप, मारलेला आहे, त्या वाचता येत नाहीत. गोकुळ शिरगावला एका बंद पडलेल्या शेडमध्ये असंच मशीन उभं आहे असं मामांना कळलं, मी जाऊन बघून आलो, आत हेच कार्ड आहे. मालक नुसतं कार्ड द्यायला तयार नाही, अख्खं मशीन वजनावर न्या म्हणतोय. अण्णा क्रेनचं भाडं विचारतायत.